पाठीवरचं पाणी

दापोडी, कासारवाडी, फुगेवाडी, सांगवी या भागातली काही भटकी मंडळी गेली काही वर्षं हिवाळ्यात थरच्या वाळवंटात पायी हिंडायला जातात. कुणी कारखान्यात पाळीवर काम करतं, कुणी एसटीच्या दापोडीतल्या मध्यवर्ती कार्यशाळेत, कुणी शिक्षक, तर कुणी रुग्णालयात परिचारिका. परत आल्यावर त्यांनी नव्याने जाणाऱ्यांसाठी टिपणं काढायला सुरुवात केली, ती हातोहात फिरली, वाढली आणि आता त्यांची ही पुस्तिका झाली आहे. प्रस्तावना मी लिहावी असं त्यांनी सुचवलं, तेव्हा मी लगेच होकार दिला. सह्याद्रीतल्या भटकंतीवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, हिमालयावरही बरंच आहे. वाळवंटात चार-पाच दिवस पाठीवर सामान घेऊन चालायचं, तिथेच रांधायचं, तिथेच झोपायचं, तर तयारी काय करावी, यावर मात्र फारच कमी लिहिलं गेलंय. आणि आपल्याकडून तिकडे जाणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिवाळी मोहिमांतून जैसलमेरची वाळू पाहून आलेले लोक पुढच्या वर्षी आपले आपण जायचं म्हणतात. धोका तिथे सुरू होतो, कारण आयोजकांनी आपल्या वतीने किती गोष्टी सांभाळल्या होत्या याचा अंदाज तोवर आलेला नसतो.

या पुस्तिकेत बूट आहेत, तंबू आहेत, औषधांची यादी आहे, परवान्यांची माहिती आहे. पण सगळी पानं वाचून झाल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट पक्की झाली, ती वाचकाने सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. वाळवंटाची तयारी ही पाण्याची तयारी आहे. रोज किती चालायचं, मुक्काम कुठे टाकायचा, जेवायला काय न्यायचं, किती जणांनी जायचं, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पाण्यावरून ठरतं. पाण्याचा हिशोब न मांडता बाकीची खरेदी केली, तर कितीही महागाचं सामान असलं तरी ती तयारी झाली असं म्हणता येणार नाही.

हे आपल्याला सहजी पटत नाही, कारण आपण सह्याद्रीत वाढलेले चालणारे आहोत. दापोडी स्टेशनवर सकाळची लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, दोन बाटल्या घेऊन लोहगड किंवा विसापूर करायचा आणि संध्याकाळी घरी. बाटली संपली तर वाटेत गाव आहे, टपरी आहे, गडावर टाकं आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास आणि जैसलमेरला सुमारे दोनशे. तोही दोन-चार सरींत पडून जातो, एखाद्या वर्षी तेवढाही नाही. पाण्याबद्दलची आपली बेफिकिरी या चार हजारांवर पोसलेली आहे.

गड बांधणाऱ्यांना मात्र ही बेफिकिरी परवडणारी नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं दुर्गांचं प्रकरण प्रत्येक भटक्याने वाचावं. गड बांधण्याआधी पाणी पाहावं, असं अमात्य सांगतात. पाणी नसेल आणि जागा तर मोक्याची असेल, तर आधी खडक फोडून टाकी-तळी बांधावीत, असंही सांगतात. आणि त्याहून महत्त्वाची सूचना पुढे येते: गडावर झरा आहे, पाणी पुरतंय, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. लढाईच्या धामधुमीत झरे कमी होतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. तीनशे वर्षांपूर्वीचा हा कारभारी माणूस वाळवंटात जाणाऱ्याला लागणारा सगळ्यात मोठा नियम सांगून गेला आहे. पाण्याच्या एका जागेच्या भरवशावर बेत आखायचा नाही.

दापोडीच्या मातीत पाण्याची ही चिंता आणखी एका माणसाने वाहिली होती. एकोणिसाव्या शतकात इथे मुंबई सरकारचं वनस्पती उद्यान होतं. १८३८ पासून त्याची देखरेख करणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन पुढे १८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. जंगलं तुटली की झरे आटतात, हे त्यांनी त्या काळात सरकारला पुन्हा पुन्हा कळवलं. आज त्या बागेची आठवण दापोडीत फारशी कुणाला नाही, याचं वाईट वाटतं.

चालण्याची परंपरा तर आपल्या दारावरून जाते. तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून कासारवाडी, दापोडी करत हॅरिस पुलावरून मुळा ओलांडते आणि पुण्यात शिरते. या पुस्तिकेतल्या पायांच्या प्रकरणात वारकऱ्यांचं शहाणपण भरलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. सलग काही आठवडे चालणाऱ्या माणसाला पायाची भाषा कळते. फोड यायच्या आधी कातडी गरम लागते, तिथेच थांबून पट्टी लावायची. मुक्कामाला पोचल्यावर आधी पाय, मग चहा. पण वारीत आणि वाळवंटात एक फरक आहे. वारीत वाटेवरचं गावन् गाव पाणी घेऊन उभं असतं, दिंडीबरोबर टँकर असतो, सामानाला ट्रक असतो. वारकऱ्याच्या पाठीवर पाणी नसतं, कारण सगळा समाज ते त्याच्यासाठी वाहत असतो. थरमध्ये ते आपल्या पाठीवर येतं, नाहीतर उंटाच्या.

म्हणून आधी गणित. हिवाळ्यात, दुपारचं तापमान पंचविसाच्या आसपास असताना, सामान घेऊन चालणाऱ्या माणसाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून दिवसाला चार ते पाच लिटर पाणी धरावं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. पाच दिवसांचं पाणी म्हणजे पंचवीस किलो, आणि त्यात झोपायची पिशवी, कपडे, शिधा, भांडी यांचे आणखी आठ-नऊ किलो. एवढं ओझं घेऊन भुसभुशीत वाळूत कुणीही चालू शकत नाही. साठ-पासष्ट किलोच्या माणसाने पंधरा-सोळा किलोंच्या वर जाऊ नये. म्हणजे पाठीवर फार तर दीड दिवसाचं पाणी बसतं. यातून दोनच वाटा निघतात. एक तर खात्रीच्या दोन पाण्यांमध्ये एका दिवसाहून जास्त चाल पडणार नाही असा मार्ग आखायचा आणि अर्ध्या दिवसाचं पाणी कायम राखून ठेवायचं. नाहीतर उंट आणि उंटवाला बरोबर घ्यायचा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दुसरी वाट धरावी, असं पुस्तिकेत स्पष्ट म्हटलंय आणि मला ते शंभर टक्के मान्य आहे. उंट पाणी वाहतो हा त्यातला लहान फायदा. उंटवाल्याला कुठल्या विहिरीचं पाणी गोड आणि कुठलं खारट झालंय हे ठाऊक असतं, हा मोठा. ही माहिती कुठल्याही नकाशात मिळत नाही.

पाणी भरायचं कशात, याबद्दल मंडळींचा आग्रह पाहण्यासारखा आहे. एकच मोठी पिशवी नको. एक-एक लिटरच्या जाड बाटल्या हव्यात. एक फुटली तर एकच लिटर जातं. प्रत्येक झाकणाच्या आतली रबरी चकती निघण्याआधी काढून पाहायची, चिरलेली असली तर बदलायची, मग बाटली भरून रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर आडवी ठेवायची. सकाळी कागदावर ओल दिसली की ती बाटली बाद. कारखान्यात यंत्र बंद पडायची वाट न पाहता ठरल्या तारखेला त्याची देखभाल करतात, तीच शिस्त इथे आली आहे. ती आपल्या पट्ट्यातल्या माणसांच्या हाडात आहे आणि वाळवंटात ती फार कामाला येते. बाटल्या सॅकमध्ये पाठीला चिकटून, खांद्यांच्या खालच्या उंचीवर ठेवायच्या. म्हणजे ओझं मागे ओढत नाही. राखीव पाण्याच्या बाटल्यांना लाल चिकटपट्टी लावायची आणि ती पट्टी सर्वांना विचारल्याशिवाय कुणी सोडवायची नाही.

वाळवंटात पाणी असतं, पण ते राखलेलं असतं. हे समजून घ्यायचं तर अनुपम मिश्र यांची 'आज भी खरे हैं तालाब' आणि 'राजस्थान की रजत बूँदें' ही दोन हिंदी पुस्तकं निघण्याआधी वाचावीत. मी तर ती सामानाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर घालेन. थरचे लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. आभाळातून पडलेलं आणि तळ्यात, टाक्यात साठवलेलं ते पालर; खोल विहिरीतलं ते पाताल, जे बहुतेक ठिकाणी खारट; आणि या दोन्हींच्या मध्ये, वाळूत मुरून राहिलेली ओल म्हणजे रेजाणी. जिथे वाळूखाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा थर आडवा पसरलेला असतो, तिथे ही ओल खालच्या खाऱ्या पाण्याला जाऊन मिळत नाही. तिथे कुई खणतात. कुईचं तोंड इतकं अरुंद की आत एकच माणूस उकिडवा बसून आखूड दांड्याच्या हत्याराने खणू शकतो. जसजसा तो खाली जातो तसा उष्मा वाढतो, श्वास कोंडतो. म्हणून वर उभे असलेले लोक मधून मधून मूठ-मूठ वाळू जोराने खाली फेकतात. वाळूबरोबर ताजी हवा खाली जाते आणि गरम हवा वर येते. खणणारा डोक्यावर धातूचं भांडं घालून बसतो, म्हणजे वरून पडणारी वाळू लागत नाही. एवढ्या कष्टानंतर त्या कुईत दिवसभरात दोन-तीन घडे पाणी झिरपतं. ते घड्यांत भरलं की कुई पुन्हा झाकून ठेवतात.

हे वाचल्यानंतर कुठल्याही कुईवर जाऊन 'जरा बाटल्या भरून घेऊ' असं म्हणायची छाती होणार नाही, अशी माझी अपेक्षा आहे. त्या दोन घड्यांवर एक कुटुंब जगतं. पाणी मागायचंच झालं तर घरच्या माणसाकडे मागावं, तो देईल तेवढंच घ्यावं. आणि तो देतोच. वाळवंटात पाण्याला नाही म्हणत नाहीत. म्हणूनच मागणाऱ्यावर जबाबदारी जास्त आहे. आमच्या मंडळींनी वाटेतल्या गावांना आधी निरोप धाडून, टँकरचं पाणी स्वतःच्या खर्चाने टाक्यात टाकून घेण्याची पद्धत सुरू केली आहे. पुस्तिकेतली मला सर्वांत आवडलेली सूचना ही.

त्याच खडियाच्या थराने २००६ साली वेगळंच रूप दाखवलं. ऑगस्टमध्ये बाडमेर जिल्ह्यात प्रचंड पाऊस झाला आणि कवास परिसर पाण्याखाली गेला. पाणी मुरायला खाली वाव नव्हता, त्यामुळे ते महिनोन् महिने तसंच तुंबून राहिलं. वाळवंटात पुराने माणसं दगावली. म्हणून कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकायचा नाही, हा नियम हिवाळ्यातही पाळावा.

इंदिरा गांधी कालव्याने थरच्या मोठ्या भागाचं रूप बदललं आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुख्य कालवा जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढपर्यंत पोचला. जुन्या नकाशावर नुसती वाळू दाखवलेल्या जागी आज शेत, कुंपण, पंपघर दिसतं. पण कालव्याजवळ आहोत म्हणून पाण्याची ददात नाही, असं समजू नये. ते पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकूनच प्यावं लागतं. आणि एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: यातल्या कुठल्याही उपायाने खारटपणा जात नाही. खारट विहिरीचं पाणी उकळलं तर ते अधिकच खारट होतं. चव घेऊन पाहायची, खारट लागलं तर ते फक्त भांड्यांसाठी. आणि भांडी तर तिथले लोक कोरड्या वाळूनेच लख्ख घासतात. ती सवय आपणही लावून घ्यावी.

आता सरावाबद्दल. गडावर चढून दम वाढतो हे खरं, पण वाळूत लागणारे स्नायू वेगळे. वाळूत पाऊल मागे सरकतं, पोटऱ्या आणि घोट्यांच्या आजूबाजूचा भाग भरून येतो. डांबरी रस्त्यावर ताशी पाच किलोमीटर चालणारा माणूस टेकड्यांच्या वाळूत दोन-अडीच किलोमीटरवर येतो. दिवसाची चाल दहा-बारा किलोमीटरच धरावी. आपल्याला सर्वांत जवळचं सरावाचं मैदान म्हणजे कोकणचा किनारा. दापोली तालुक्यात केळशीला समुद्रकाठी वाळूची मोठी टेकडी आहे. तिला धक्का न लावता, भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूतून भरलेली सॅक घेऊन सकाळ-संध्याकाळ चालावं. भरतीच्या ओल्या वाळूतलं चालणं सरावात धरू नये, ती रस्त्यासारखी घट्ट असते.

याहूनही मोठा सराव घरी करायचा आहे. रविवारी सकाळी पाच लिटर पाणी एका कळशीत भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पिणं, चहा, स्वयंपाक, तोंड धुणं, दात घासणं, सगळं त्यातच भागवायचं. नळाला हात लावायचा नाही. बहुतेकांची कळशी दुपारी दोनच्या आत रिकामी होते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती रात्रीपर्यंत पुरायला लागते. आणि मग जे कळतं ते कुठल्याही पुस्तकातून कळणार नाही: दात घासताना एक पेला पुरतो, तांदूळ धुवायला लागणारं पाणी म्हणजे चैन आहे, आणि तहान लागण्याआधी घोट-घोट घेतलं तर एकूण पाणी कमी लागत नाही, पण डोकं दुखत नाही. पाणी वाचवायचं ते धुण्या-रांधण्यातून. पिण्यातून कधीही वाचवू नये. तहान मारून बाटली भरलेली ठेवणारी माणसं भरल्या बाटलीशेजारी बेशुद्ध पडलेली सापडली आहेत.

शिधाही याच हिशोबाने. भात आणि डाळ पाणी पितात. दशम्या, बाजरीच्या कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळ, खजूर, भाजलेले पोहे हे प्रवासाचे जुने पदार्थ इथे फार कामाचे. रात्री एकदा काहीतरी गरम हवं, त्यासाठी भाजून तयार ठेवलेला रवा बरा. आमसूल आणि मीठ मात्र विसरू नये. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं मीठ उतरतं आणि मळमळ, गोंधळ, झटके अशी लक्षणं दिसतात. म्हणून ओआरएसच्या पुड्या, आणि पुडीमागे मोजून एक लिटर पाणी, अंदाजाने नाही.

स्त्रियांसाठीचं प्रकरण एका परिचारिकेने लिहिलं आहे आणि ते पुरुषांनीही वाचावं. उघड्या माळावर आडोसा नसतो, म्हणून अनेक जणी पाणीच कमी पितात. त्यातून लघवीचा संसर्ग, चक्कर, ताप. उपाय साधा आहे: दर दीड-दोन तासांनी पुरुषांनी पुढे निघून जायचं आणि मागे वळून पाहायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सर्वांसमोर ठरवायचा. एक हलकी चादर आडोशाला ठेवायची. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी उतरतं. अशी औषधं चालू असणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी आपल्या डॉक्टरांना कुठे आणि कधी जाणार ते सांगूनच निघावं.

कपडे, झोप, बूट यांवर पुस्तिकेत सविस्तर आहे, म्हणून मी दोन-तीनच गोष्टी सांगतो. डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरची रात्र सात-आठ अंशांवर येते, कधी त्याच्याही बरीच खाली. वाळू दिवसा तापते तशी सूर्य बुडताच झपाट्याने निवते. अंगावर पांघरायला भरपूर आणि खाली अंथरायला काहीच नाही, अशी तयारी करून गेलेला माणूस रात्रभर कुडकुडतो. खालचं अंथरूण आधी. टेकड्यांमधल्या खोलगट जागेत थंड हवा साचते, माथ्यावर वारा असतो, मुक्काम मधल्या उतारावर. आपल्याकडच्या सराट्याचे काटे तिथेही आहेत आणि भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडं मोज्यांत अशी रुततात की सुईने काढावी लागतात. फुगवायची गादी न्यायची असेल तर हे लक्षात ठेवावं. घोट्यावर कापडी गेटर हवेच.

सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. विंचवाच्या बाबतीत आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी निष्काळजी राहणं बरं दिसत नाही. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून कसे रोखले, ही आपल्या वैद्यकाच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे. पण ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं, सॅकमधून काढून नव्हे. रत्नागिरीत दिसणारं फुरसं थरमध्येही आहे. विंचू असो की साप, दंशावर एकच इलाज: माणसाला शांत ठेवून, चालायला न लावता रुग्णालयात पोचवणं. त्यासाठी प्रत्येक मुक्कामापासून गाडीरस्ता किती लांब आहे हे आधी कागदावर लिहिलेलं असावं.

दिशेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे सह्याद्रीचे पट्टीचे भटकेही चकतात. आपल्याला सुळके, खिंडी, गडाचा आकार यांवरून वाट ओळखायची सवय आहे. जैसलमेरभोवती क्षितिजावर दिसतात त्या पवनचक्क्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनने त्यातल्या पुष्कळशा उभारल्या. खूण म्हणून त्या मनात भरतात, पण शेकड्यांनी आहेत आणि सगळ्या सारख्या. सकाळी जी उजवीकडे ठेवली तीच संध्याकाळी समोर आहे की दुसरी, हे सांगता येत नाही. होकायंत्र वापरता आलं पाहिजे. वाऱ्याचीही मदत होते. थरमध्ये वाळू घडवणारा वारा उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे उघड्या टेकडीचा लांब, सौम्य उतार बहुधा वाऱ्याच्या बाजूला असतो आणि वाळू घसरते तो तीव्र उतार पलीकडे. चढायचं ते सौम्य बाजूने, सकाळी, वाळू घट्ट असताना. आणि जानेवारीत तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, पुण्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा; सकाळची चाल आखताना तेवढं गृहीत धरावं.

वादळ आलं तर बसायचं. १९९४ साली मोरोक्कोतल्या मॅरेथॉन दे साब्ल या शर्यतीत माउरो प्रोस्पेरी हा इटालियन धावपटू वादळात चालत राहिला, वाट चुकला आणि नऊ दिवसांनी अल्जीरियात सापडला. तो निष्णात खेळाडू होता, वाचला. दिसेनासं झालं की तोंडाला ओला पंचा बांधून, पाठ वाऱ्याकडे करून, सगळ्यांनी एकत्र बसून राहायचं. मोबाईलची रेंज मधेच जाते, आणि उपग्रह फोन परवान्याशिवाय बाळगणं भारतात गुन्हा आहे, हे लक्षात ठेवा. परदेशातून कुणी भेट दिलेलं उपकरण सीमाभागात घेऊन जाऊ नका. सीमेलगतच्या बऱ्याच गावांत जायला जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते, ती आधी काढावी.

दापोडीत राहणाऱ्याला हा विषय वाटतो तितका परका नाही. लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय १९४८ साली रुरकीहून इथे आलं, आणि सैन्याला रणभूमीवर पाणी पुरवणं हे लष्करी अभियंत्यांचं काम असतं. त्याही आधी, पहिल्या महायुद्धात, १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्या अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. त्यानंतर युद्धकैद्यांना उन्हात वाळवंटातून चालवत नेलं गेलं. भूक, तहान आणि रोगराईने हजारो दगावले. त्याच वर्षी नेमलेल्या आयोगाच्या अहवालाने त्या मोहिमेची रसद, वाहतूक आणि औषधपाण्याची तयारी किती अपुरी होती, ते उघड केलं. घाटावरच्या आणि कोकणातल्या खेड्यांतून गेलेली ती माणसं होती. त्यांना निवड नव्हती. आपण हौसेने जातो, म्हणून तयारीत कसूर करायला आपल्याला कुठलंच कारण उरत नाही.

एक विनंती झाडा-पक्ष्यांसाठी. आपण दसऱ्याला पुजतो ती शमी तिथे खेजडी म्हणून उभी असते. १७३० साली जोधपूरजवळ खेजडलीत ती झाडं वाचवताना अमृतादेवींसह ३६३ बिष्णोई माणसांनी प्राण दिले. शेकोटीसाठी वाळकी फांदीही तोडू नका. चुलीला गॅसचा छोटा डबा न्या. मरू राष्ट्रीय उद्यानात माळढोक आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला आपण त्याच्यासाठी अभयारण्य केलं आणि तिथे तो जवळजवळ नाहीसा झाला. जगात उरलेल्या थोड्या माळढोकांपैकी बहुतेक आता थरमध्ये आहेत. त्यांच्या वावराच्या भागातून वाट काढू नका, वनखात्याने सांगितलेल्या मार्गावरून जा.

ही पुस्तिका नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांसाठी लिहिली आहे. १९ मे २०१६ रोजी जोधपूर भागातल्या फलोदीला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, भारतातलं आजवरचं सर्वाधिक. तशा उन्हात चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जातो आणि वर मांडलेलं सगळं गणित कोलमडतं. सुट्ट्या मे महिन्यातच मिळतात म्हणून कुणी तेव्हा जायचं ठरवत असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे की जाऊ नका. हिवाळ्यासाठी रजा राखून ठेवा, तोवर रविवारच्या पाच लिटरांचा सराव करा.